अमेरिकेतल्या बायकांचं आरोग्य आणि फॉर्मवरचा वंशाचा रकाना

आकडेमोड

कामानिमित्त अमेरिकेतल्या जन्ममृत्यूच्या नोंदी सतत नजरेखालून जातात. त्यातल्या काही आकड्यांवर इथे कधी नीट चर्चा झालेली दिसली नाही, म्हणून हा धागा.

२०२३ साली अमेरिकेत गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत ६६९ बायका दगावल्या. दर लाख जिवंत जन्मांमागे १८.६. इतक्या श्रीमंत देशाला हा आकडा शोभत नाहीच, पण खरी गोष्ट तो फोडल्यावर दिसते. आशियाई बायकांत १०.७, हिस्पॅनिक (मुळातल्या स्पॅनिशभाषक देशांतल्या) १२.४, गोऱ्या १४.५ आणि कृष्णवर्णीय ५०.३. म्हणजे गोऱ्यांच्या जवळजवळ साडेतीनपट. कोविडच्या २०२१ साली एकूण दर ३२.९ वर चढला होता आणि कृष्णवर्णीयांचा ६९.९ वर. मग सगळेच उतरले. २०२२ ते २०२३ या वर्षात मात्र बाकी तीन गटांचे आकडे आणखी खाली आले आणि कृष्णवर्णीयांचा ४९.५ वरून ५०.३, म्हणजे जिथल्या तिथे राहिला.

हे आकडे बातम्यांत येतात, त्यामुळे काहींना माहीत असतील. मला जास्त छळतो तो स्तनाचा कर्करोग. कृष्णवर्णीय बायकांना तो गोऱ्यांपेक्षा थोडा कमीच होतो, सुमारे ५ टक्क्यांनी. पण त्यानं मरण्याचं प्रमाण मात्र सुमारे ३८ टक्क्यांनी जास्त. आणि हे पूर्वापार नाही! १९८० च्या आसपासपर्यंत दोन्ही गटांचे मृत्युदर जवळजवळ सारखे होते. त्यानंतर मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) सर्रास झाली, टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोन रोखणारी गोळी आली, गोऱ्या बायकांचे मृत्यू झपाट्यानं घटू लागले. कृष्णवर्णीयांचे उशिरा आणि हळू घटले. आलेखात दोन रेघा हातात हात घालून चालतात आणि उपाय सापडल्याबरोबर फाकतात.

मला म्हणायचंय ते एवढंच. ज्या आजारावर कुणाकडेच फारसं औषध नाही तिथे वंशावंशांत फार फरक पडायला वावच नसतो. दरी पडते ती जिथे औषध आहे, तपासणी आहे, वेळेवर धावून जाण्याची सोय आहे तिथे. मग ती आजाराची दरी म्हणायची की उपचारांची?

इथे वैद्यकीय क्षेत्रातले बरेच लोक आहेत. त्यांनी प्रत्यक्ष काय दिसतं ते लिहावं.

मुक्काम_पोस्ट

चांगला विषय. पण यात वंश कशाला आणायचा? गरिबी आणि विम्याचा प्रश्न आहे सरळ. विमा नाही, डॉक्टरकडे उशिरा जाणं, वजन, रक्तदाब. गरीब गोऱ्या बाईचं तरी काय वेगळं होत असेल?

आकडेमोड

मुक्काम_पोस्ट, हा पहिला प्रश्न सगळ्यांच्याच मनात येतो आणि तो रास्तच आहे. गरिबीचा वाटा आहेच. पण सीडीसीनं (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था) २००७ ते २०१६ च्या नोंदी शिक्षणानुसार फोडल्या होत्या. (तिथे मोजणी वर्षभराची असते, ४२ दिवसांची नाही, त्यामुळे वरच्या आकड्यांशी थेट तुलना करू नका.) पदवीधर कृष्णवर्णीय बाईचा गरोदरपणाशी संबंधित मृत्यूचा दर पदवीधर गोऱ्या बाईच्या ५.२ पट निघाला. त्याहून कहर म्हणजे, पदवीधर कृष्णवर्णीय बाईचा दर शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बाईच्या १.६ पट होता.

शिक्षण वाढलं तशी दरी मिटायला हवी होती. इथे ती रुंदावते.

विम्याबद्दल म्हणाल तर इंग्लंडकडे बघा. तिथे एनएचएस ही सरकारी आरोग्य सेवा आहे, बाळंतपणाचं बिल येत नाही. तरीही २०१८ च्या अहवालात कृष्णवर्णीय बायकांचा मातामृत्यूदर गोऱ्यांच्या पाचपट होता आणि आशियाई बायकांचा सुमारे दुप्पट. आता कृष्णवर्णीयांची दरी कमी होत तिपटीच्या आत आलीये, पण आहेच.

डीएनए_वाला

शिक्षण आणि विमा बाजूला ठेवले तर उरतं काय? जनुकं. राजकीयदृष्ट्या गैरसोयीचं आहे म्हणून कुणी बोलत नाही. ट्रिपल निगेटिव्ह स्तनाचा कर्करोग कृष्णवर्णीय बायकांत दुप्पट आढळतो, ही जीवशास्त्रीय गोष्ट आहे. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी जास्त, त्याही लवकर. ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) जास्त. यात डॉक्टरांचा काय दोष?

गंधाली_ऑन्को

डीएनए_वाला, ट्रिपल निगेटिव्हचं बरोबर आहे. तो जास्त आक्रमक, हॉर्मोनच्या गोळ्यांना दाद न देणारा, आणि कृष्णवर्णीय बायकांत साधारण दुप्पट. माझ्या ओपीडीत रोज दिसतं.

पण मग असं व्हायला हवं की फक्त ट्रिपल निगेटिव्हमध्येच मृत्यूंत फरक दिसावा आणि बाकीच्या प्रकारांत दोघी सारख्या. तसं होत नाही. हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हॉर्मोनवर वाढणाऱ्या आणि त्या गोळ्यांना दाद देणाऱ्या कर्करोगातही कृष्णवर्णीय बायका जास्त दगावतात, आणि तुलनेनं बघितलं तर तिथली दरी ट्रिपल निगेटिव्हपेक्षाही मोठी आहे. हाच तो प्रकार ज्याच्यावर आमच्याकडे सगळ्यात चांगली औषधं आहेत. धागाकर्तीचं म्हणणं इथे अगदी चपखल बसतं.

याचं कारण वॉर्डात दिसतं. ही औषधं पाच-पाच, दहा-दहा वर्षं रोज घ्यायची असतात. सांधे धरतात, झोप उडते. ज्या बाईला तक्रार सांगायला फोनवर माणूस मिळतो तिची गोळी बदलून मिळते, दुसरी मुकाट्यानं गोळी बंद करते. निदान झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचे आठवडे, बायॉप्सीनंतरचा पाठपुरावा, रेडिएशनला रोज यायला सुट्टी आणि गाडी. यातलं काहीही जनुकात नसतं.

एक सुधारणाही सांगते. आधी अमेरिकेत मॅमोग्राफी सर्वसाधारण बायकांना पन्नाशीपासून सुचवली जायची. कृष्णवर्णीय बायकांत कर्करोग तरुण वयात जास्त, म्हणजे तो नियम त्यांच्यावरच उलटत होता. एप्रिल २०२४ मध्ये सरकारी तज्ज्ञगटानं ते वय सगळ्यांसाठीच ४० वर आणलं, दोन वर्षांतून एकदा.

आकडेमोड

जनुकांवर एक जुना पण सुरेख अभ्यास आहे, १९९७ चा, इलिनॉय राज्यातला. तीन गटांतल्या बाळांची सरासरी वजनं घेतली. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आया : ३,४४६ ग्रॅम. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय आया : ३,३३३ ग्रॅम. अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय आया : ३,०८९ ग्रॅम.

जनुकांमुळेच बाळं लहान होत असतील तर थेट आफ्रिकेतून आलेल्या आयांची बाळं सगळ्यात लहान हवीत. ती तर गोऱ्यांच्या जवळ जाऊन बसली.

डीएनए_वाला

स्थलांतर करणारे मुळातच धडधाकट आणि शिकलेले असतात. हे निवडीचं गणित आहे, त्यानं जनुकं बाद होत नाहीत.

आकडेमोड

निवडीचा मुद्दा मान्य, तो हिस्पॅनिक लोकांच्या बाबतीतही लागू पडतो. १९८६ साली मार्कीडिस आणि कोरील या दोघांनी दाखवलं की नैर्ऋत्य अमेरिकेतल्या हिस्पॅनिकांची कमाई आणि शिक्षण कृष्णवर्णीयांच्या जवळचं, पण आरोग्याचे आकडे गोऱ्यांच्या जवळचे. त्याला पुढे 'हिस्पॅनिक विरोधाभास' असं नाव पडलं. धडधाकट लोक स्थलांतर करतात हे एक कारण, धूम्रपान कमी हे दुसरं. पण अमेरिकेत राहून पिढ्या गेल्या की तो फायदा झिजत जातो. आणि कोविडमध्ये ते कवचही गळून पडलं, हिस्पॅनिकांचं आयुर्मान २०१९ ते २०२१ मध्ये सुमारे ४ वर्षांनी घसरलं. कारण घरी बसून करायची कामं त्यांच्या वाट्याला फारशी नव्हतीच.

झिजण्यावरून आठवलं. आर्लीन जेरोनिमस नावाच्या संशोधक बाईंनी १९९२ मध्ये मांडलं की सततच्या अपमानाचा, असुरक्षिततेचा, दोन-दोन नोकऱ्यांचा ताण शरीराला वयाच्या आधी म्हातारं करतो. त्यांनी बघितलं की गोऱ्या बायकांत पहिलं मूल विशीत होणं बाळासाठी किशोरवयापेक्षा सुरक्षित, हे आपल्याला अपेक्षितच. कृष्णवर्णीय बायकांत मात्र विशीतल्या आयांची बाळं किशोरवयीन आयांच्या बाळांपेक्षा जास्त दगावत होती. जणू मधल्या वर्षांत शरीर खर्ची पडलं. या मांडणीवर वाद आहेत, पण पदवीधर बायकांचा वरचा आकडा समजावणारं दुसरं काही मला तरी इतकं पटलेलं नाही.

रात्रपाळी_नर्स

वाचत होते, आता राहवलं नाही. लेबर अँड डिलिव्हरीत, म्हणजे बाळंतपणाच्या वॉर्डात काम करते. तात्त्विक चर्चा चालू द्या, मी कामातलं सांगते.

बाळंतपणात बाई मरते ती बहुतेक वेळा अचानक नाही. आधी काही तास शरीर ओरडून सांगत असतं. रक्तदाब १६०/११० च्या वर गेला आणि पंधरा मिनिटं तिथेच राहिला, तर अर्ध्या ते एक तासाच्या आत औषध दिलं गेलंच पाहिजे, असा नियम आहे. नियम छान आहे. पण "घाबरलीये म्हणून वाढला असेल, थोड्या वेळानं परत घेऊ" असं कुणी म्हटलं की तो तास गेला. हे वाक्य कुठल्या पेशंटच्या बाबतीत जास्त वेळा ऐकू येतं ते मी इथे लिहायला नको.

रक्तस्रावाचंही तेच. वर्षानुवर्षं आम्ही नजरेनं अंदाज करायचो, "पाचशे मिली असेल". जास्त रक्त गेलं की नजर हमखास कमी सांगते. आता पॅड, चादरी सगळं वजन करून मोजायचं, एक लिटरला धोक्याची घंटा, ट्रॉलीवर औषधं आधीच भरलेली, कुणी काय करायचं ते ठरलेलं. कॅलिफोर्नियात २००६ साली यासाठी एक सहकारी संस्था उभी राहिली, राज्यभरच्या हॉस्पिटलांनी ही पद्धत उचलली. देशाचे आकडे वर जात होते तेव्हा कॅलिफोर्नियाचे जवळजवळ निम्म्यावर आले. आणि रक्तस्रावात कृष्णवर्णीय आणि गोऱ्या बायकांमधली दरीही कमी झाली. वर्णद्वेषावर भाषण न देता! तराजू सगळ्यांचं रक्त सारखंच मोजतो.

सेरेना विल्यम्सचं उदाहरण माहीत असेलच. २०१७ मध्ये सिझेरियननंतर तिला श्वास लागला. रक्ताच्या गुठळ्यांचा तिला आधीपासून त्रास होता, तिनं स्वतः सांगितलं की सीटी स्कॅन करा, रक्त पातळ करायचं औषध द्या. आधी वाटलं औषधांमुळे गोंधळलीये. शेवटी स्कॅन केला तर फुप्फुसात गुठळ्या. जगातली सगळ्यात प्रसिद्ध खेळाडू, पैसा, विमा, सगळं असून तिला हट्ट धरावा लागला. टोरी बोवी, रिओ ऑलिंपिकमध्ये तीन पदकं घेतलेली धावपटू, २०२३ मध्ये आठव्या महिन्यात घरीच गेली. एक्लॅम्प्सियाची (गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके) शक्यता शवविच्छेदनात नोंदली होती. वय ३२.

आणि सगळे लेबर रूमकडेच बघत बसतात. गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त, ५३ टक्के, बाळंतपणानंतर आठवडा उलटल्यावर ते वर्षभरात होतात. बाई घरी गेलेली असते. सहा आठवड्यांची एक भेट. अमेरिकेतली साधारण चाळीस टक्के बाळंतपणं मेडिकेडवर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्यावर होतात आणि आत्ता आत्तापर्यंत ते कव्हर ६० दिवसांनी बंद व्हायचं. २०२१ च्या कायद्यानं राज्यांना वर्षभर चालू ठेवायची मुभा दिली, जवळपास सगळ्या राज्यांनी ती घेतली. उशिरा का होईना.

चष्मेबद्दूर

रात्रपाळी, दंडवत. हे असं आतलं वाचायला मिळतं म्हणून इथे येतो.

शंकेखोर

सगळे भावुक झालेत तर थोडं पाणी ओततो. अमेरिकेच्या मातामृत्यूच्या आकड्यांचा पायाच कच्चा आहे. मृत्यूदाखल्यावर "मृत स्त्री गरोदर होती का" असा एक चौकोन २००३ पासून आला. राज्यांनी तो एकेक करत घेतला, २०१७ पर्यंत. जसजसा चौकोन आला तसतसे मातामृत्यू "वाढले". पंच्याऐंशीच्या पुढच्या आजीबाईसुद्धा गरोदर म्हणून नोंदल्या गेल्यात. २०२४ मध्ये एका अभ्यासानं फक्त चौकोनावर न विसंबता, दाखल्यावर गरोदरपणाशी जोडलेलं कारण लिहिलंय का ते तपासलं, तर दर १० च्या आसपास आला आणि वीस वर्षांत जवळजवळ हललाच नाही. मग हे संकट कुठलं?

आकडेमोड

शंकेखोर, चौकोनाची गोष्ट शंभर टक्के खरी आहे आणि "अमेरिकेत मातामृत्यू दुप्पट झाले" असे मथळे मलाही खटकतात. पण तोच अभ्यास पुढे वाचा. कडक व्याख्या लावल्यावरही कृष्णवर्णीय बायकांचा दर गोऱ्यांपेक्षा कितीतरी वर राहतो. चुकीची खूण सगळ्याच गटांत पडते, त्यानं एकूण पातळी फुगते. दरी त्यानं तयार होत नाही.

शिवाय दाखल्यांवर न विसंबणारी दुसरी वाट आहे. राज्यांच्या समित्या एकेका मृत्यूची कागदपत्रं काढून बसतात, की काय घडलं आणि कुठे अडवता आलं असतं. २०१७ ते २०१९ च्या अशा प्रकरणांत ८४ टक्के मृत्यू टाळता येण्याजोगे ठरले. कारणंही गटागटांत वेगळी. गोऱ्या आणि हिस्पॅनिक बायकांत मानसिक आजार सगळ्यात वर (आत्महत्या आणि नशेचा अतिरेक धरून), कृष्णवर्णीयांत हृदयविकार, आशियाईंत रक्तस्राव. एकच धोरण सगळ्यांना लावून चालणार नाही ते यासाठी.

नोंदींच्या घोळाचा उलटा प्रकारही आहे, तोही सांगते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा दर काढताना छेदात सगळ्या बायका धरत होते. ज्यांची पिशवी काढलीये त्यांनासुद्धा. त्यांना तो कर्करोग होणारच कुठून? २०१७ मध्ये त्या वगळून दर काढले तर कृष्णवर्णीयांचा मृत्युदर लाखामागे ५.७ वरून १०.१ झाला, गोऱ्यांचा ३.२ वरून ४.७. कृष्णवर्णीय बायकांत फायब्रॉइडमुळे पिशवी काढण्याचं प्रमाण जास्त, म्हणून त्यांचा आकडा जास्त झाकला गेला होता. इतकी वर्षं आपण दरी प्रत्यक्षाहून लहान समजत होतो.

शंकेखोर

पिशवीचा मुद्दा भारी आहे. छेद तपासा हे मी इथे कायम ओरडतो.

मातामृत्यूबद्दल : पातळी फुगलेली, दरी खरी, हे मला चालतं. फक्त बातम्यांत ते असं कुणी लिहीत नाही.

पैलतीर

थोडं बाजूचं. मी वाचलं होतं की कृष्णवर्णीय डॉक्टर असेल तर कृष्णवर्णीय नवजात बाळं कमी दगावतात. मग उपाय सोपा आहे, तसे डॉक्टर वाढवा.

शंकेखोर

तो २०२० चा फ्लोरिडातला अभ्यास. २०२४ मध्ये त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली. दीड किलोच्या खालची बाळं हिशोबात धरली की तो परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. अति नाजूक बाळं बहुतेक गोऱ्या तज्ज्ञांकडे जात होती, म्हणून त्यांचे आकडे वाईट दिसत होते. कृष्णवर्णीय डॉक्टर जरूर वाढवा, पण या अभ्यासाच्या जोरावर नको.

गंधाली_ऑन्को

+१. आणि डॉक्टरचा रंग बघण्याआधी हॉस्पिटल बघा. न्यूयॉर्क शहरात एलिझाबेथ हॉवेल यांच्या गटानं दाखवलं की कृष्णवर्णीय बायका जास्त करून ज्या हॉस्पिटलांत बाळंत होतात तिथे सगळ्यांचीच बाळंतपणं जास्त बिघडतात. गोऱ्या बायका जिथे जातात तिथे त्या गेल्या असत्या तर गंभीर गुंतागुंतीतली जवळजवळ निम्मी दरी मिटली असती, असा त्यांचा हिशोब. कुठल्या वस्तीत कुठलं हॉस्पिटल, कुठला विमा कुठे चालतो, यावरच अर्धा निकाल लागलेला असतो.

मनातल्या समजुतींचं म्हणाल तर २०१६ मध्ये गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची आणि निवासी डॉक्टरांची पाहणी झाली. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते वगैरे विधानं त्यांच्यापुढे ठेवली होती. निम्म्या जणांनी निदान एका खोट्या विधानाला मान डोलावली. आणि ज्यांनी डोलावली त्यांनी कृष्णवर्णीय पेशंटच्या वेदनाही कमी लेखल्या.

मुक्काम_पोस्ट

कातडी जाड?? २०१६ मध्ये?

गंधाली_ऑन्को

हो. आणि ती समजूत आकाशातून पडलेली नाही. ज्याला आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणायचे त्या मॅरियन सिम्सनं १८४० च्या दशकात अलाबामात गुलाम बायकांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या, पुन्हा पुन्हा. त्यातल्या तिघींची नावं राहिलीत : अनार्का, बेट्सी, लूसी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातला त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला.

आमच्या गणितातही हे मुरलेलं होतं. आधी सिझेरियन झालेल्या बाईला पुढचं बाळंतपण नैसर्गिक होईल का, याचा अंदाज देणारा कॅल्क्युलेटर आहे. बाई कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक असा चौकोन टिचकवला की शक्यता आपोआप खाली यायची. ती खाली दिसली की डॉक्टर परत सिझेरियन सुचवणार, आणि पुढच्या आवृत्तीसाठी तोच आकडा पुरावा म्हणून जमा होणार. २०२१ मध्ये तो चौकोन काढला. किडनीच्या चाचणीतली वंशानुसारची दुरुस्तीही त्याच वर्षी गेली.

बोटाला लावतात ते ऑक्सिमीटरही बघा. २०२० च्या एका अभ्यासात, यंत्र ऑक्सिजन ठीक दाखवत असताना रक्तात तो धोकादायक कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के निघालं, गोऱ्यांत ३.६.

उंबरठा

या सगळ्यात मूळनिवासी (नेटिव्ह अमेरिकन) बायकांचं नावच नाही. नेहमीचंच आहे म्हणा.

माझं काम त्यांच्या एका आरोग्य प्रकल्पाशी जोडलेलं आहे म्हणून लिहिते. २०२१ च्या प्राथमिक आकड्यांत अमेरिकेतलं सगळ्यात कमी आयुर्मान मूळनिवासींचं होतं, ६५.२ वर्षं. कृष्णवर्णीयांचं ७०.८, गोऱ्यांचं ७६.४, हिस्पॅनिकांचं ७७.७, आशियाईंचं ८३.५. हे स्त्रीपुरुष मिळून. मातामृत्यूतही सीडीसीच्या २००७-१६ च्या आकड्यांत त्यांचा दर गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त होता. संख्या लहान म्हणून वार्षिक तक्त्यांत त्यांच्या रकान्यात बऱ्याचदा फुलीच असते.

आणि शंकेखोर, तुमच्यासाठी खास : मृत्यूदाखल्यावर वंश कोण लिहितं ठाऊक आहे? अंत्यविधी करणाऱ्या संस्थेचा माणूस. नातेवाइकांना विचारून लिहायचं असतं, पण कधी नुसतं बघून. मूळनिवासी बाई बऱ्याचदा "गोरी" म्हणून नोंदली जाते. जन्मभर मूळनिवासी आणि मेल्यावर गोरी. त्यानं त्यांचा मृत्युदर कागदावर कमी दिसतो.

बायका दवाखान्यात उशिरा येतात अशी तक्रार ऐकते. १९७६ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी अहवाल दिला होता. सरकारी मूळनिवासी आरोग्य सेवेच्या बारापैकी चारच विभागांत १९७३ ते ७६ या काळात ३,४०६ नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि संमतीच्या कागदांत नियम धाब्यावर बसवले होते. ज्यांच्या आईवर ते झालं त्या मुली आज पन्नाशीत आहेत. त्या आपल्या लेकींना सांगतात, सही करण्याआधी विचार. यात अंधश्रद्धा कुठे आली?

मनीप्लांट

स्वार्थी प्रश्न विचारते. आशियाईंचा आकडा १०.७, सगळ्यात कमी. म्हणजे आपण निवांत?

आकडेमोड

नाही. "आशियाई" या एका रकान्यात भारतीय, चिनी, फिलिपिनो, हमोंग, व्हिएतनामी सगळे कोंबलेत. त्यांची कमाई, शिक्षण, येण्याची वाट, आजार, कशाचाच मेळ नाही. १९९७ पर्यंत हवाईचे आणि प्रशांत बेटांवरचे लोकही त्याच डब्यात होते. डबा एवढा मोठा असला की सरासरी छान दिसते आणि आत कोण बुडतंय ते कळत नाही.

दक्षिण आशियाई बायकांना गरोदरपणातला मधुमेह जास्त, पुढे कायमचा मधुमेह आणि हृदयविकार लवकर, आणि तोही वजन फार नसताना. म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहाची तपासणी बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २५ ऐवजी २३ पासून करायला सांगितली. तुमच्या डॉक्टरला आठवण करून द्यावी लागली तर द्या.

रात्रपाळी_नर्स

त्यात भर. बाळंतपणात तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची, म्हणजे गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाट जाण्याचं प्रमाण आशियाई बायकांत जास्त आहे. वर कारणांत रक्तस्राव आलाच. आणि आपल्या बायकांचा एक गुण वॉर्डात मला धडकी भरवतो. बोलत नाहीत. "ठीक आहे" म्हणतात. दुखतंय का विचारलं की शून्य ते दहामध्ये चार सांगतात आणि चादर मुठीत आवळलेली असते. बोलणारीचं ऐकून घेत नाहीत हा एक प्रश्न आणि न बोलणारीला विचारत नाहीत हा दुसरा.

मनीप्लांट

माझी वहिनी सातव्या महिन्यात आहे, म्हणून विचारलं. रात्रपाळीताई, तिला नेमकं काय सांगू?

रात्रपाळी_नर्स

घरी रक्तदाबाचं यंत्र ठेवा, दंडाला बांधायचं, मनगटाचं नको. तिच्या दंडाला पट्टा नीट बसतोय ना ते दवाखान्यात एकदा तपासून घ्या. बाळंतपणानंतरही पहिले काही आठवडे मोजा. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे रक्तदाब वाढण्याचा तो आजार, बाळ झाल्यावरही होतो, हे अर्ध्या घरांना माहीत नसतं.

न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, छातीत दुखणं, आडवं झाल्यावर श्वास लागणं, एकाच पायाला सूज किंवा पोटरीत दुखणं, तासाभरात पॅड भिजणं, ताप, बाळाला किंवा स्वतःला काही करून घ्यावं असे विचार. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि इमर्जन्सीत गेल्यावर पहिलं वाक्य : "मी गरोदर आहे" किंवा "मला अमुक दिवसांपूर्वी बाळ झालंय". वर्षभर हे सांगायचं, विचारलं नाही तरी. समोरच्या डॉक्टरला साध्या कपड्यातली बाई दिसते, बाळंतीण दिसत नाही.

सोबत कुणीतरी असू द्या, भांडू शकेल असं. आणि कुणी तपासणी नको म्हटलं तर शांतपणे म्हणा, "तुम्ही ही तपासणी का करत नाही ते माझ्या फाईलमध्ये लिहा." बहुतेक वेळा तपासणी होते.

मनीप्लांट

प्रिंट काढून फ्रिजवर लावतेय. दादा भांडायला तयारच असतो, त्याला कामाला लावू.

शंकेखोर

जाता जाता आकडेमोड यांना : २०२४ मध्ये केंद्र सरकारनं वंशाचे रकाने बदललेत ना? मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेचा वेगळा रकाना, हिस्पॅनिकचा प्रश्न वंशाच्याच प्रश्नात. मग तुमच्या या मालिका तुटणार.

आकडेमोड

तुटणार. सगळ्या खात्यांना २०२९ पर्यंतची मुदत आहे, त्यामुळे मधली काही वर्षं जन्मदाखला नव्या रकान्यांचा आणि मृत्यूदाखला जुन्या, असंही होईल. अंश एका पद्धतीचा आणि छेद दुसऱ्या. पण आशियाईंसकट सगळ्या डब्यांच्या आतले पोटगटही विचारायचे असं त्यात आहे, तेवढ्यासाठी मी ही डोकेदुखी आनंदानं घेईन. उंबरठा, मूळनिवासींच्या दाखल्यांचं तुमच्याकडे काही काम चाललं असेल तर वेगळा धागा काढाल का? इथे पोटभेदांत हरवेल.

उंबरठा

काढते. पुढच्या आठवड्यात.